वाचनालयाची तीन भाषांतली साइट: वर्डप्रेस, जूमला की ड्रुपल?

महालकर
नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचनालयाची साइट करायची आहे. वर्डप्रेस, जूमला, ड्रुपल ही साइट बांधायची आणि मजकूर सांभाळायची सॉफ्टवेअरं (सीएमएस) डोळ्यांसमोर आहेत. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषा हव्यात. जुन्या त्रैमासिकाचे अडीचशेक लेख आहेत, तेही पेजमेकर या छपाईच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, कृतिदेव या जुन्या फाँटात टाइप केलेले. होस्टिंग (साइट ठेवायची जागा) साधं, सीपॅनेलचं शेअर्ड, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट. पुढे मजकूर ग्रंथपालच टाकतील, कोडिंग कोणालाच येत नाही. समितीतला एक जण ड्रुपलवर अडून बसलाय. काय घ्यावं?

सदर_वेब
भाऊ, ड्रुपल राहू द्या. भाषांची सोय त्याच्या गाभ्यातच आहे, रचनाही पक्की. पण अपडेट कंपोजर या साधनाने, म्हणजे कमांड लाइनवरून आज्ञा टाइप करून करावे लागतात, आणि शेअर्ड होस्टिंगवर मेमरी कमी पडली की कंपोजर मध्येच मान टाकतो. ड्रुपल ११ला पीएचपी (ते ज्या भाषेत चालतं ती) ८.३ लागतं, तेवढं होस्टिंगवाल्याकडे आहे का तेही बघावं लागेल. आवृत्ती बदलणंही सोपं नाही: जुन्या ड्रुपल ७चा आधार ५ जानेवारी २०२५ला संपला. त्यावरून नव्या आवृत्तीवर जायचं तर साइट जवळपास नव्याने बांधावी लागते. असलं लचांड ग्रंथपालांच्या गळ्यात कशाला?

बर्डी_७
जूमलाचं नाव कोणी घेत नाही, पण तीन भाषांना त्यात वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. लँग्वेज फिल्टर प्लगिन (जोडसुविधा) चालू करा, प्रत्येक भाषेचा वेगळा मेनू करा, त्या मेनूत एक पान त्या भाषेचं होम, म्हणजे मुखपृष्ठ, म्हणून नेमा. इथेच गाडी अडते: होम नेमलं नाही तर ती भाषा स्विचरमध्ये (भाषा बदलायच्या यादीत) दिसतच नाही, अन् माणूस त्या यादीच्या मॉड्यूलमध्ये चूक शोधत बसतो. 'सर्व भाषा'वालं मूळ होम मात्र काढू नका. एकाच लेखाची तिन्ही भाषांतली रूपं असोसिएशनने एकमेकांशी जोडली नाहीत तर भाषा बदलल्यावर वाचक थेट मुखपृष्ठावर जाऊन पडतो.

सदर_वेब
@बर्डी_७ बरोबर, पण मेनू सांभाळणं ग्रंथपालांना जड जाईल. माझं मत वर्डप्रेस आणि अनेक भाषांसाठीचं मोफत प्लगिन पॉलीलँग. भाषेचा पत्ता कसा असेल (हिंदीला वेगळं फोल्डर की सबडोमेन) ते पहिल्याच दिवशी ठरवा, नंतर बदललं की जुने दुवे तुटतात.

दुसरं, स्लग (पानाच्या पत्त्यातला शेवटचा, मथळ्यावरून होणारा भाग) रोमनमध्ये स्वतः टाइप करा. स्लगला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट, पत्त्यासाठी एन्कोड झालं, म्हणजे टक्केचिन्हांच्या रूपात गेलं, की ९ अक्षरं. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं मावतात, लांब मथळा मध्येच कापला जातो. वर व्हॉट्सॲपवर दुवा टक्केचिन्हांची माळ होऊन फिरतो.

खिळेजुळारी
सीएमएस कोणतंही घ्या, खरं काम कृतिदेवाचं आहे. तसंच चिकटवलं तर 'नागपूर'च्या जागी 'ukxiwj' ही इंग्रजी अक्षरं येतील. आधी कन्व्हर्टरने (फाँट बदलून देणारं साधन) युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी देवनागरी, करून घ्या. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. कन्व्हर्टरला दोन्ही जागेवर आणावे लागतात, म्हणून 'आर्थिक', 'वार्षिक' असे शब्द पहिले तपासा. 'दुसऱ्या'तला ऱ्या हिंदीपुरत्या केलेल्या कन्व्हर्टरात बिघडतो, तोही. पाच-दहा लेख करून बघा, मगच बाकीचे.

थीममध्ये (साइटच्या रूपाचा साचा) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, शून्य करा, नाहीतर शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट (ओळीची उंची) १.७च्या आसपास ठेवा. फाँट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, साधं आणि ठळक एवढी दोनच वजनं (अक्षरांच्या जाडी). सगळी लोड केली तर मोबाइलवर पान उघडायला उगाच वेळ लागतो.