जितकी विद्यापीठं जास्त, तितकं काम सरस?

कोपऱ्यातलं_टेबल: काल इथे कुणीतरी ठणकावलं, "संशोधनात एकट्या विद्यापीठाचे दिवस संपले. जितकी विद्यापीठं जास्त, तितकं काम सरस." पुरावा म्हणून जोन्स, वुख्टी, उझी यांचा २००८चा अभ्यास. मग तो पुढेही वाचायचा होता! अमेरिकेतली ६६२ विद्यापीठं, ४२ लाख पेपर. अनेक विद्यापीठांचे संयुक्त पेपर झपाट्याने वाढले, मान्य. पण जास्त प्रभाव कोणत्या पेपरांचा? ज्यात एखादं वरच्या फळीतलं विद्यापीठ होतं त्यांचा. शिवाय ही मंडळी जोडीदारही आपल्याच पायरीवरचा बघतात. तोलामोलाचं घर बघून सोयरीक, बाकीच्यांनी अक्षता टाकायच्या.

कालचा_मीच: बरं, मग प्रत्येकाने आपापला कण-त्वरक बांधायचा का? हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानाचा २०१५चा पेपर बघा, ५,१५४ लेखक. करून दाखवा एकट्याने.

तिसरी_लेखिका: आलाच तो पेपर! ३३ पानं, त्यातली २४ नुसती नावं आणि संस्था. यात 'लेखक' कोण? माझे नमुने, माझं विश्लेषण, पहिला मसुदाही माझा. दुसऱ्या विद्यापीठातल्या सरांनी यंत्रावर वेळ मिळवून दिला. छापून आलं तेव्हा मी तिसरी. कारण काय, तर "करार टिकला पाहिजे".

क्ष_बरोबर_य: आमच्या गणितात आडनावाच्या अक्षरक्रमाने नावं लावतात. भांडणच नाही.

तिसरी_लेखिका: दोन-तीन जणांत कसलं भांडण? आमच्यात बारा जण असतात.

क्ष_बरोबर_य: मग कामाची वाटणी लिहून द्या. पेपरात कुणी काय केलं ते नोंदवायच्या 'क्रेडिट' पद्धतीत चौदा भूमिका आहेत.

तिसरी_लेखिका: दिली की! सरांनी दहांवर खूण केली. त्यात 'मूळ मसुदा लेखन'सुद्धा.

कालचा_मीच: ताई, धागा सहकार्यावर आहे, तुमच्या सरांवर नाही.

तिसरी_लेखिका: सहकार्य म्हणजे हेच असतं हो! वरून बघणाऱ्याला नकाशावरच्या रेषा दिसतात, खाली कोण राबतंय ते नाही. तुम्ही नक्की कितव्या क्रमांकावर असता?

कालचा_मीच: वैयक्तिक होऊ नका.

कोपऱ्यातलं_टेबल: ताई मुद्द्यावरच आहेत. कमिंग्ज आणि कीसलर यांचा २००५चा अभ्यास, ६२ संशोधन प्रकल्प. विद्याशाखा वाढल्या तरी फळ कमी झालं नाही. विद्यापीठं वाढली तिथे मात्र समन्वय ढासळला आणि फळही घटलं.

कालचा_मीच: अर्धवट वाचायचा मक्ता आता तुम्ही घेतला वाटतं. माणसं प्रत्यक्ष भेटत होती तिथे तो तोटा काहीसा कमी झाला, हेही त्यातच आहे. असो. "जितकी जास्त तितकं सरस" मागे घेतो. "जितकी जास्त तितक्या बैठका" लिहू?

तिसरी_लेखिका: लिहा. इतिवृत्त मीच लिहिणार, तेवढं तिथे तरी नाव पहिलं टाका.