पावडरीविना गूळ काढला तर ढेपेला पाणी सुटतंच का?

पन्हाळकर
वीस गुंठे ऊस आहे, ८६०३२ जातीचा, तेरावा महिना चालू. कारखान्याची तोड यायच्या आधी एक टन गुऱ्हाळावर नेऊन घरापुरता गूळ काढायचाय. हायड्रॉस पावडर नको. गेल्या वर्षीचा असा गूळ काळपट झाला आणि पावसाळ्यात ढेप पाघळली. गुळव्या म्हणतो, पावडरीविना असंच होणार. खरं का?

करवीर_शेती
नाही दादा. हायड्रॉसनं नुसता रंग उजळतो, आणि तोही ठेवणीत पुन्हा मावळतो. ढेप टिकण्याशी त्याचा संबंध नाही. पाघळण्याचं मूळ उसात असतं. तोडलेला ऊस रात्रभर पडला की साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि तेच हवेतला ओलावा ओढतं. पहाटे तोडा, दुपारच्या आत घाण्याला लावा. शेंड्याकडची कोवळी कांडी छाटा, लोळलेला आणि उंदरानं खाल्लेला ऊस बाजूला काढा, बुडख्याची माती धुवा. तोडीआधी पंधरा दिवस पाणी बंद. युरिया उशिरा पडला असेल तरी गूळ मऊ होतो.

गुऱ्हाळवाला_कागल
टनाला साधारण सहाशे लिटर रस धरा. एवढाच रस मोठ्या काहिलीत तळाला बसतो आणि कडेला करपतो, काळेपणा तिथूनच येतो. लहान काहील बघा, नाहीतर शेजाऱ्याचा ऊस भरीला घ्या.

रानभेंडीची खोडं सव्वा ते दीड किलो, ठेचून पाण्यात भिजत घाला. हातानं चोळलं की बुळबुळीत चिकट पाणी सुटतं, ते गाळून रसात घाला. चुन्याची निवळी थेंबाथेंबानं, सामू (पीएच) ६ ते ६.४ च्या वर नको. चुना जास्त झाला तर गूळ काळा पडतो.

आता जाळ मंद. रस उकळायच्या आधी काळपट हिरवी मळी जाड सायीसारखी वर येते, ती झाऱ्यानं पूर्ण काढायची. इथंच घाई होते. एकदा खळखळ उकळी आली की मळी फुटून रसात परत मिसळते, मग कितीही गाळा, रंग येत नाही. मळी निघाल्यावर चिपाड सारून जाळ मोठा करा. फेस चढला तर वाटीभर शेंगतेल.

११८ अंशांना काहील उतरवा. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात पाक टाका, गोळी घट्ट होऊन भांड्याला आपटल्यावर टणकन वाजली पाहिजे. वाफ्यात (पाक गार करायच्या हौद्यात) ओतल्यावर फार घोटू नका, कणी मोडते.

शिरोळ_काठ
एक राहिलं. चोपण-खारवट रानातल्या उसाचा गूळ कितीही निगुतीनं केला तरी खारट लागतो आणि ओल धरतो. तुमचं रान तांबडं, निचऱ्याचं असेल तर ही अडचण नाही. ढेपा पूर्ण गार झाल्याशिवाय बांधू नका. मृगाच्या आधी प्लॅस्टिक कागदात हवाबंद गुंडाळून फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा.

पन्हाळकर
आभारी आहे. टनाला गूळ किती पडेल? थोडी काकवी पण पाहिजे.

गुऱ्हाळवाला_कागल
शंभर ते एकशेवीस किलो. काकवी १०५-१०६ अंशांना आधी काढून घ्या, तेवढा गूळ कमी होईल. कोरड्या बरणीत, गार झाल्यावरच भरा.