मदत हवी आहे: घाटात गाडी नुसती ओरडते, क्लच प्लेटा गेल्या की ऑइलमुळे होतंय?

मंडळी, बाइक आहे, 150 सीसी, 2016 ची, 58 हजार किमी झालेत, क्लच प्लेटा अजून एकदाही बदललेल्या नाहीत. राहतो वाईला, नोकरी पाचगणीला, म्हणजे रोज पसरणी घाट आलाच. गेले पंधरा दिवस असं होतंय की सकाळी खालून निघताना काही नाही, पण चारपाच वळणं चढली, इंजिन तापलं की तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा साडेपाचवरून सात हजारावर जातो आणि स्पीड आपला चाळीसच. काल बायको मागे होती, एसटीला ओव्हरटेक करायला बाहेर काढली आणि मधेच गाडी ओढेना, समोरून जीप, कशीबशी एसटीच्या मागे परत घेतली. तेव्हापासून भीतीच बसलीये. वर पोचून वाकून बघितलं तर इंजिनजवळ करपल्यासारखा वास येत होता.

सपाट रस्त्यावर पण करून बघितलं, टॉप गिअरमध्ये 45-50 ला एकदम रेस पिळली, तर आधी काटा पळतो आणि गाडी मागनं येते. कार्बोरेटर किंवा एअर फिल्टर चोंदला असता तर आरपीएमच चढला नसता ना? चेन-स्प्रॉकेटचे दात शाबूत आहेत.

आता खरी गोम. महिन्यापूर्वी सर्व्हिसिंगला ऑइल बदललं आणि गिअर अडकतात म्हटल्यावर क्लच वायर पण आवळून दिली. काल मुलीची पट्टी लावून लिव्हरच्या टोकाला मोजलं, प्ले (म्हणजे क्लच लागायच्या आधी लिव्हर मोकळा हलतो तो) जेमतेम 2 मिमी. ऑइलचा रिकामा डबा घरी होता, मागे बारीक अक्षरात जासो एमबी (ऑइलच्या प्रकाराचा शिक्का) लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो इंजिन खोलून अख्खा क्लच सेटच टाकू. एवढा खर्च करायच्या आधी नक्की दोष कुठे ते कसं कळेल? कोणी जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, लगेच इंजिन खोलू नका. एमबी हे स्कूटरचं ऑइल. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो म्हणून तिथं ते चालतं, आपल्या बाइकच्या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, त्यांना पकड लागते, त्यामुळे डब्यावर एमए किंवा एमए2 च पाहिजे, ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल ती. आणि वायर ताठ असली की लिव्हर सोडला तरी क्लच पूर्ण बसत नाही, अर्धवट दाबल्यासारखा राहतो, प्लेटा घासत राहतात. चेकनट (वायरच्या अॅडजस्टरचा लॉक नट) सैल करून लिव्हरच्या टोकाला 10 ते 15 मिमी प्ले ठेवा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, प्ले तेवढाच राहायला हवा. वायरच्या कामाला पैसा लागत नाही, ते आजच करा, ऑइल बदला, चारपाच दिवस चालवा. तरी क्लच घसरला, म्हणजे काटा पळाला पण गाडी ओढली नाही, तर मग प्लेटा बदला. आणि तोवर वहिनींना घेऊन घाटात जाऊ नका प्लीज.

धागाकर्ता:
खूप आभार. वायर त्याच संध्याकाळी सैल केली, 12 मिमी ठेवला. एमए2 ऑइल टाकलं, जुनं काढलं ते काळंकुट्ट आणि त्याला तोच करपट वास. सपाट रस्त्यावर आता क्लच अजिबात घसरत नाही, गाडी टॉपला पण नीट उचलते. पण आज सहावा दिवस, एकटाच होतो, तरी घाटातल्या शेवटच्या दोन वळणांना काटा परत पळाला, आधीपेक्षा कमी, पण पळाला. म्हणजे महिनाभरात प्लेटा घासून गेल्या असं समजू ना? रविवारी मेकॅनिकसमोर बसून खोलून घेणार आहे. नव्या प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये भिजवून मगच बसवतात हे माहितीये, त्या आदल्या दिवशीच आणतो. फक्त एवढं सांगा, क्लचच्या स्प्रिंगा सोबत बदलायच्याच का? आणि स्टीलच्या प्लेटा निळ्या पडल्या नसतील, काचेवर ठेवून सपाट बसत असतील तर त्याच परत टाकल्या तर चालेल का? बास्केटच्या (प्लेटा ज्यात बसतात त्या डब्याच्या) खाचा किती खाल्लेल्या असल्या तर ती बदलायची, कोणाकडे फोटो असेल तर टाका.