ऑगस्टीनने ते वाक्य पुढे दुरुस्त केलं

प्रेषितांनंतर, म्हणजे येशूच्या पहिल्या शिष्यांनंतर, रोगमुक्तीचे चमत्कार थांबले आणि उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याचंही तेच मत होतं, असं म्हटलं जातं. तसं सांगणारं त्याचं वाक्य इ.स. ३९०च्या सुमाराचं. पुढे त्याने स्वतःच ते दुरुस्त केलं, हे सांगायलाच हवं. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याचे अवशेष हिप्पोत आल्यावर त्याने एक पद्धत पाडली: बऱ्या झालेल्या माणसाने आपली हकिकत लेखी द्यायची आणि ती भर उपासनेत, त्या माणसाच्या समक्ष वाचली जायची. दोन वर्षं भरायच्या आत असे सत्तरच्या आसपास कागद जमले. अंग सतत थरथरण्याचा विकार असलेले पौल आणि पल्लादिया हे भाऊबहीण घ्या. वाचन चालू असताना दोघं पायऱ्यांवर उभे. भाऊ आधीच बरा झालेला, म्हणून स्थिर, बहीण अजून थरथरतेय, आणि सगळी मंडळी दोघांकडे आळीपाळीने पाहतायत. तीही त्याच दिवशी बरी झाली.

मला यातला अर्थ महत्त्वाचा वाटतो. कार्थेजच्या इनोसेन्शियाचा स्तनाचा कॅन्सर बरा झाला, पण तिने ते मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं, म्हणून ऑगस्टीन तिच्यावर चिडला. त्याच्या लेखी बरं होणं ही खाजगी बाब नव्हती, ती मंडळीपुढे द्यायची साक्ष होती.