सेल्फ रुसला, ठिणगी हरवली : जुन्या गाड्यांचे अनुभव येऊद्यात

बोनेटउघडा

सकाळी शेजारच्या जुन्या गाडीतून नुसतं ‘टक्’ आलं आणि पुढे शांतता. कार्ब्युरेटर आणि सीबी पॉइंटच्या (ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारी उघडझाप कॉन्टॅक्टची जोडी) जमान्यातलं सगळं डोक्यात जागं झालं, म्हणून हा धागा. १२ व्होल्टच्या पेट्रोल गाड्यांपुरतंच बोलू.

सुरुवात माझ्याकडून. पाना हातात घेण्याआधी कान द्या. एकच ठणठणीत ‘टक्’ म्हणजे सोलेनॉइड (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढतोय, पण मोटरपर्यंत जाड करंट पोचत नाही : आतला तांब्याचा कॉन्टॅक्ट जळालाय, कार्बन ब्रश संपलेत किंवा केबल सैल आहे. ‘टकटकटकटक’ म्हणजे बहुतेक बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलला पकड नाही. आवाजच नसेल तर सोलेनॉइडच्या ५० नंबरला (किल्लीकडून वायर येते ते टोक) करंट येत नाहीये.

आता हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे विझत आले तर बॅटरी आणि तिचे जोड बघा. दिवे तसेच लख्ख राहिले तर मोटर करंट घेतच नाहीये, बॅटरीला शिव्या देऊ नका.

टेस्टलॅम्प

बॅटरीचे आकडे लिहून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. पण खरी परीक्षा सेल्फ फिरताना : ९.६ च्या खाली गेली तर आधी चार्ज करा, मगच बाकीचं.

सेल्फ मारताना इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) पॉझिटिव्हवरच्या सगळ्या वायरी काढून टोकांना टेप लावा. कॉइलची जाड हाय टेन्शन वायर उपटून लटकत ठेवू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर त्याचं मॉड्यूल (पॉइंटच्या जागी करंट तोडणारा भाग) जळतं.

ढकलस्टार्ट

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. हे आधी लिहा हो. लोक सोलेनॉइडचे ३० (बॅटरीची जाड वायर) आणि ५० नंबर स्क्रूड्रायव्हरने जोडतात आणि गाडी अंगावर येते.

बोनेटउघडा

@ढकलस्टार्ट बरोबर, राहिलं होतं.

अर्थशास्त्री

सगळे पॉझिटिव्हच्या मागे लागतात आणि अर्थ (करंटची बॅटरीकडे परतीची वाट) कोणी बघत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून वेगळंच. दोघांना जोडते ती विणलेली तांब्याची पट्टी. ती गंजली की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने परत येतो, कधी चोकच्या केबलमधून, कधी अॅक्सिलरेटरच्या. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर बाकी काही तपासायची गरज नाही.

मीटरने असं बघा : लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. खुंटावरच, क्लॅम्पवर नाही. सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. पॉझिटिव्हकडेही तेच : बॅटरीचा खुंट ते सेल्फचा ३० नंबरचा बोल्ट, ०.५ च्या आत हवं. नंतर मीटरचं टोक सोलेनॉइडपलीकडच्या, मोटरकडे जाणाऱ्या बोल्टवर न्या. तिथे आकडा एकदम उडाला तर आतला कॉन्टॅक्ट गेला.

पट्टी लावताना खालचा रंग पार घासून काढा. रंगावर बोल्ट आवळलेला असतो आणि लोक म्हणतात नवीन आहे.

चोकओढ्या

टर्मिनलवरची पांढरी-निळी बुरशी : खायचा सोडा कोमट पाण्यात, जुना टूथब्रश. बॅटरीच्या आत थेंब जाऊ देऊ नका, झाकणं घट्ट. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. काही जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, तिथे अर्थची बाजू आधी. भाजी करपतेय, येते.

सहावोल्ट

भाजी कोणती :)

चोकओढ्या

वांगं. आणि ते करपलं.

टेस्टलॅम्प

मल्टिमीटरवर जास्त विश्वास नको, हे माझं ठाम मत. जुन्या वायरीत ७ पैकी ६ तारा तुटल्या तरी मीटर १२.४ दाखवतो, कारण तो स्वतः करंट जवळपास घेतच नाही. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब, दोन वायरी आणि दोन क्लिपा घ्या. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणून एका तारेवर जगणारी वायर तिथेच उघडी पडते. मीटर १२ म्हणतोय आणि बल्ब मिणमिणतोय असं झालं की जोड सापडलाच समजा. वायर बोटांत धरून थोडी थोडी वाकवत न्या. जिथे इन्सुलेशन नुसतं पोकळ नळीसारखं दुमडतं, तिथे आत हिरवी पावडर असते. फक्त इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलच्या सिग्नल वायरीला हा बल्ब लावू नका.

अर्थशास्त्री

+१ बल्बला.

गॅपशून्यचार

सेल्फ फिरतो, गाडी लागते, किल्ली सोडली की लगेच बंद. यावर कार्ब्युरेटर खोलणारे खूप बघायला मिळतात. आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा करंट कमी करणारा रोध) बघा! सेल्फ मारताना कॉइलला पूर्ण बॅटरी थेट मिळते, किल्ली सोडली की बॅलास्टमधून. तो तुटला की दुसरी वाट बंद. किल्लीच्या स्विचचा ‘ऑन’चा कॉन्टॅक्ट जळाला तरी हेच होतं.

नवी कॉइल घेताना ओहम मोजा. बॅलास्टवाली साधारण १.५, बिनबॅलास्टची ३ च्या आसपास. १.५ ची कॉइल थेट १२ व्होल्टवर लावली तर पॉइंट जळतात आणि कॉइल हात लावू देत नाही इतकी तापते. उलट केलं तर ठिणगी मरतुकडी.

सहावोल्ट

पॉइंटचा गॅप ०.४ ना? आणि कानस मारू का?

गॅपशून्यचार

बहुतेक गाड्यांना ०.४ मिमी चालतं, तरी तुमच्या मॅन्युअलचा आकडा खरा. कॅमच्या (पॉइंट उघडणारा शाफ्टवरचा उंचवटा) टोकावर पॉइंटची फायबरची टाच असताना मोजा. कानस तात्पुरती, घरी पोचण्यापुरती. एका पॉइंटवर कोंब आणि दुसऱ्यावर खड्डा असेल तर फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) कोंबावर बसतं आणि खरा गॅप जास्त निघतो, तो सेट बदलाच. नव्या पॉइंटवर तेलकट थर असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसला नाही तर ठिणगीच येत नाही. फीलर गेजलाही तेल असतं, गॅप लावून झाल्यावर कोरा कागद मधून ओढा. कॅमला ग्रीस काडीच्या गुलाएवढंच. टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे जातं, मग चढावर गाडी दम सोडते.

वायरबंडल

डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी एकेका प्लगला वाटणारा डबा) आत पॉइंटला जाणारी ती बोटभर मऊ वायर कोणी लिहिली नाही अजून. व्हॅक्यूमने पॉइंटची प्लेट हलते तशी ती वर्षानुवर्षं वाकते आणि आतून तुटते, वरून धडधाकट. गाडी उभ्याउभ्या छान चालते, रेस केली की कट मारते. प्लेटच्या छोट्या अर्थ वायरचंही तेच.

रोटरही (डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरणारा तुकडा) बघा. कॉइलची मधली वायर कॅपमधून काढून रोटरच्या पितळी पट्टीपासून ३ मिमीवर धरा, सुकी लाकडी काडी किंवा इन्सुलेटेड पक्कड वापरून. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. पट्टीवर सतत ठिणग्या पडल्या तर रोटर आतून शाफ्टला शॉर्ट आहे. एखादी बारीकशी चालते. आसपास पेट्रोल गळत नाही हे आधी बघा. ही चाचणी फक्त पॉइंटवाल्यांसाठी.

ढकलस्टार्ट

बॅटरी चांगली, अर्थ चांगला आणि तरी टकटकटक? सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढायला आणि एक धरून ठेवायला. मुख्य कॉन्टॅक्ट जुळला की ओढणारीचं काम संपतं. धरणारी तुटली असेल तर प्लंजर सुटतो, कॉन्टॅक्ट उघडतो, ओढणारी पुन्हा ओढते. चालूच राहतं. सोलेनॉइड बदला, बॅटरी नाही.

चोकओढ्या

वायरींच्या रंगांचं कोणी सांगा ना, आमच्या गाडीत सगळ्या आता मातकट झाल्यात.

वायरबंडल

ताई, जोडावरची टेप थोडी सोडवा, आत मूळ रंग टिकलेला असतो. लुकास (ब्रिटिश) पद्धतीचं वायरिंग असेल तर तपकिरी थेट बॅटरी, पांढरा इग्निशन, पांढरा-लाल सेल्फ, पांढरा-काळा कॉइल ते पॉइंट, काळा अर्थ. जर्मन पद्धतीत रंगापेक्षा नंबर बघा : ३० बॅटरी, १५ इग्निशन, ५० सेल्फ, ३१ अर्थ. आणि तिथे तपकिरी म्हणजे अर्थ! दोन्ही पद्धती एकत्र करून धूर काढू नका.

सहावोल्ट

किल्लीच्या स्विचला गरम वास येतो. रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) टाकू?

टेस्टलॅम्प

टाका. सोलेनॉइड ओढताना २०-३० अँपिअर घेतो, जुन्या स्विचला ते झेपत नाही. ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले : ३० नंबरच्या पिनेला बॅटरी, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज आणि तो बॅटरीच्या जवळच. ८७ वरून सोलेनॉइडचा ५०. किल्लीकडून येणारी जुनी वायर ८६ ला, ८५ अर्थला. जाड वायर ४ चौरस मिमी. रिले पिना खाली करून बसवा, पाणी आत साचत नाही.

सहावोल्ट

रविवारी करतो. नवा कंडेन्सर (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा) पण घेऊन ठेवू का?

गॅपशून्यचार

घ्या, पण जुना टाकू नका. नवा लावल्यावर पॉइंटवर निळसर ठिणग्या वाढल्या तर जुनाच परत लावा. नव्या कंडेन्सरवर भरवसा नसतो.