मदत हवी आहे : कोसोवोतील संयुक्त राष्ट्रांच्या कारभाराची भाषा

नमस्कार. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी गावच्या वाचनालयात मला या विषयावर बोलायचे आहे. सुरक्षा परिषदेने १० जून १९९९ रोजी ठराव १२४४ संमत केल्यानंतर कोसोवोत (युरोपातील, तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग असलेला प्रांत) कायदे करण्याचा, ते राबवण्याचा आणि न्यायव्यवस्था चालवण्याचाही अधिकार संयुक्त राष्ट्रांच्या मिशनकडे एकवटला. त्याचे नियम अल्बेनियन, सर्बियन आणि इंग्रजीत निघत. मात्र अर्थात तफावत आढळल्यास इंग्रजी मसुदाच ग्राह्य धरला जाई. शेताचा कन्नड उतारा हातात घेऊन शेजारच्या मुलाकडून त्यातली ओळन् ओळ वाचून घेणारी आजी मी पाहिली आहे, म्हणून मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तेथील शेतकऱ्याला हे नियम प्रत्यक्षात कोण समजावून सांगत असे, जमिनीचे दावे कोणत्या भाषेत चालत, यावर मराठीत काही वाचायला मिळेल का? जाणकारांनी कृपया सुचवावे.