भूजल खात्यातले भूवैज्ञानिक : फुकटचा पगार?

मुरूमवाला (धागाकर्ता)
शेजारच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय : "भूजल खात्यातला साहेब जन्मभर विहिरीत टेप सोडतो, पाणी मात्र पाणाड्याच दाखवतो." वाचून डोकंच फिरलं. माझे काका याच यंत्रणेतून निवृत्त झाले. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर, दरवर्षी त्याच त्या निरीक्षण विहिरी. टेपच्या टोकाला खडू फासायचा, आत सोडायचा, ओल कुठवर चढली ते वाचून वहीत लिहायचं. ऑक्टोबरची पातळी मागच्या ५ वर्षांच्या सरासरीशी ताडली की उन्हाळ्यात टँकर कुठे लागणार ते दिवाळीच्या सुमारासच कळतं. अहवाल वर जातो. पुढे ऊस लावायचा तो लागतोच!

काळीचा_राजा
आमच्याकडे भूजल खात्याच्याच माणसाने पाणी शोधायचं मशीन लावून जागा दाखवली. साडेतीनशे फूट बोअर मारली, नुसता फुफाटा. मग पाणाड्याने तळहातावर नारळ उभा केला, १८० फुटांवर दोन इंची पाणी. आता बोला.

मुरूमवाला
बोलतो की. राज्याचा चार पंचमांश भाग बेसॉल्ट. पाणी असतं ते मुरमात, मांजऱ्या म्हणजे छिद्राछिद्रांच्या खडकात, भेगांत, तेही बहुतेक वरच्या थरांत. तिथे नारळवाल्याचाही नेम लागणारच. त्याच्या फेल गेलेल्या बोअरी कोण मोजतं? बोअरच्या गाडीवाल्याचं बिल तो भरतो का?

काळीचा_राजा
आणि मशीनवाला भरतो? आमच्या पाणाड्याने आख्ख्या भावकीला पाणी दिलंय. तुमच्या काकांनी किती जणांना दिलं?

मुरूमवाला
काकांवर जायचं काम नाही.

भीमाकाठची
नारळपुराण आवरा हो दोघं! विषय नोकरीचा आहे. नाले रुंद-खोल करून पाणी जिरवणारे शिरपूरचे सुरेश खानापूरकर याच खात्यातले, पण नाव झालं ते निवृत्तीनंतर. खुर्चीत असेपर्यंत फक्त मोजायचं, करायचं काही नाही, ही खरी रड आहे.

नाला_नको
शिरपूरचं कौतुक पुरे. तोच कित्ता गिरवून सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेत गावोगाव पोकलेन घुसवले. नाला पाणीधारक थराच्या खाली खोदला की शेजारच्या विहिरी त्यात रित्या होतात. अर्थतज्ज्ञ देसरडा सर या योजनेविरुद्ध उगाच हायकोर्टात गेले नव्हते. खोदण्याआधी भूवैज्ञानिकाला विचारलं कुणी? आमच्या नाल्यावर ठेकेदार आला होता, साहेब नाही.

काळीचा_राजा
म्हणजे साहेब इथेही गायबच. माझाच मुद्दा झाला की.

भीमाकाठची
गायब नाही, बिनअधिकाराचा. २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा (साधारण २०० फुटांपेक्षा) खोल विहिरींवर, बोअरींवर निर्बंध आहेत. आमच्या गावात रात्री आठशे फूट मारतात, सकाळी पेढे वाटतात. टेपवाला काय करणार, गाडीपुढे आडवा पडणार?

काळीचा_राजा
बरं बाबा, एक मशीन चुकलं म्हणून खातं निकामी ठरत नाही. झालं समाधान? पुढची बोअर मात्र पाणाड्यालाच विचारून.

मुरूमवाला
खुशाल विचारा. फक्त २०० फुटांवर गाडी थांबवायला सांगा. आणि नारळ घरचा न्या, तो त्याचेही पैसे लावतो.